पहारेकऱ्याचं नाक

‘धुकेनदीच्या पलीकडे’ या पुस्तकावर मालिका येणार, ही बातमी बायकोनं मला मी दाढी करत असताना सांगितली. माणसाच्या हातात ब्लेड असताना कोणत्या बातम्या सांगाव्यात आणि कोणत्या सांगू नयेत, याचा पोच तिला लग्नाला इतकी वर्षं होऊनही आलेला नाही. गालाला कापसाचा बोळा चिकटवून मी ऑफिसात गेलो. आमचं खातं पाणीपुरवठ्याचं, त्यातही मी तक्रार विभागात, त्यामुळे दुसऱ्याच्या दुःखाचं तिथे कुणाला विशेष वाटत नाही. तरी दोघा-तिघांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, मालिका येतेय. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माझ्या टेबलावरच्या थोड्या फायली उचलून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवल्या. तेवढाच त्या बातमीचा फायदा.

ज्यांनी ‘धुकेनदी’ वाचलेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार जाडजूड खंड आहेत. धुक्याची एक नदी आहे, तिच्यावर एक पूल आहे आणि पलीकडच्या काठावर हरवलेल्या गोष्टींचं राज्य आहे. हरवलेल्या वस्तू, विसरलेली गाणी, अर्धवट राहिलेली भांडणं, सगळं तिथे जाऊन राहतं. एक मुलगी पुन्हा पुन्हा तो पूल ओलांडते. आणि पुलाच्या तोंडाशी, हातात कंदील घेऊन, चारही खंडांत उभा असतो तो पहारेकरी. तो लढत नाही, जादू करत नाही, फारसं बोलतही नाही. पण त्याच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर त्या माणसाच्या घरचा चहा मी पीत नाही. चहाच्या बाबतीत एरवी माझं कुणाशी वैर नाही.

हे चारही खंड मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलेले आहेत. लेक दुसरीत असताना सुरुवात केली. जेवणं उरकली की बायको कपड्यांच्या घड्या घालायला बसायची, लेक सोफ्यावर डोक्यापर्यंत पांघरूण ओढून घ्यायची आणि मी वाचायचो. चौथा खंड संपला की पुन्हा पहिला. नियम एकच होता, कुणी चोरून पुढचं वाचायचं नाही. बायकोनं तो मोडल्याचा मला दाट संशय आहे, कारण तिसऱ्या खंडात होडी बुडायच्या बऱ्याच आधी तिचे डोळे भरून यायचे. लेक दहावीला गेली तेव्हा अभ्यासापायी वाचन थांबलं, पण तोवर आमच्या घरात निम्मी भाषा त्या पुस्तकातलीच झाली होती.

आता एवढ्या प्रिय गोष्टीवर मालिका येतेय म्हटल्यावर माणसानं आनंदानं उड्या मारायला हव्यात, असं कुणी म्हणेल. त्यानं पुस्तकावरचा सिनेमा पाहिलेला नसणार. मागे मी एका आवडत्या कादंबरीवरचा सिनेमा पाहिला होता. माझ्या डोक्यातला तिचा नायक किरकोळ अंगाचा, थोडा पोक काढून चालणारा होता. पडद्यावर आला तो गालाला खळी पडणारा, दंड फुगवणारा. तेव्हापासून ती कादंबरी उघडली की पहिल्या पानापासून खळीच दिसते. माझा तो पोक काढणारा माणूस गेला कुठे? इतकी वर्षं माझ्या डोक्यात राहून एका दुपारच्या खेळात तो जो नाहीसा झाला तो कायमचा. हरवलेल्या गोष्टींच्या राज्यात असेल तर देव जाणे.

फोनवर आमचा वाचकांचा एक गट आहे, ‘पुलावरची मंडळी’. तिथे तर आग लागली होती. एकजण म्हणत होता, धुकं कंप्यूटरनं केलेलं निघालं तर मी टीव्ही खिडकीतून खाली टाकीन. एका बाईंनी चौथ्या खंडाची शेवटची काही पानं मुद्दाम वाचायची ठेवली आहेत, म्हणजे गोष्ट संपणार नाही. त्यांचं म्हणणं, मालिकेनं शेवट दाखवला तर नुकसानीला जबाबदार कोण? मालिकावाल्यांनी पहारेकऱ्याचं एकच चित्र बाहेर सोडलं होतं, तेही पाठमोरं. नुसत्या त्या पाठीवर आमच्यात आठवडाभर वाद चालला आणि दोन जुने सभासद गट सोडून गेले.

त्या पाठीकडे बघता बघता मला युक्ती सुचली. हा माणूस वळायच्या आत आपल्या डोक्यातला पहारेकरी कागदावर उतरवून घ्यायचा. एकदा चित्र झालं की पडद्यावर कुणीही येवो, आपला माणूस शाबूत. जेवताना मी ही कल्पना मांडली. बायको म्हणाली, अहो, आधी गळका नळ उतरवा कागदावर. पाणीपुरवठ्यातल्या माणसाच्या घरचा नळ गळतो, हा तिचा आवडता विषय आहे. पण लेकीनं मान वर केली आणि म्हणाली, “कर ना बाबा. मी नेईन ते चित्र. होस्टेलच्या भिंतीवर लावीन.”

लेकीला लांबच्या शहरात कॉलेजला प्रवेश मिळाला होता. मालिकेचा पहिला भाग ज्या संध्याकाळी होता, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिची गाडी. घरात आम्ही सगळे तिच्या जाण्याबद्दल उशा, बादली, कुलपं एवढ्याच भाषेत बोलत होतो. ती स्वतः होऊन काही मागेल अशी मुलगी नाही. तिनं मागितलं हे, आणि तेही माझ्याकडे. आता आभाळ कोसळलं तरी चित्र होणार होतं. ती जाणार या गोष्टीचा मला किती त्रास होत होता हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. चित्राच्या निमित्तानं धावपळ करता येईल हे बरंच झालं.

इमारतीत सल्ल्याला तोटा नाही. तळमजल्यावरच्या वहिनींनी भाच्याकडून कंप्यूटरवर पहारेकरी करवून आणला. तो केस उडवत आमच्याकडे बघून हसत होता आणि कंदील धरलेल्या हाताला सहा बोटं होती. सेक्रेटरींनी, म्हणजे आमच्या इमारतीच्या कारभाऱ्यांनी, माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की हा पहारेकरी पगारी आहे की कंत्राटी. शेवटी बायकोनंच तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं नाव काढलं. काका पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. साक्षीदारांच्या वर्णनावरून संशयितांचे चेहरे काढायचे, हेच काम त्यांनी जन्मभर केलं होतं. कधीही न पाहिलेल्या माणसाचं चित्र काढणारा माणूस आपल्या पायाखालच्याच मजल्यावर राहतो आणि आपण सहा बोटं मोजत बसलोय, याची मला लाज वाटली.

काकांनी काम घेतलं, पण त्यांच्या पद्धतीनं. आम्ही तिघंही साक्षीदार, आणि प्रत्येकानं एकेकटं यायचं. काम पुरं होईपर्यंत साक्षीदारांनी आपसात चेहऱ्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. दोन साक्षीदार चहाला एकत्र बसले की दोघांनाही तिसराच माणूस आठवायला लागतो, असा त्यांचा अनुभव. मी म्हणालो, काका, पण हा पुस्तकातला माणूस आहे. ते म्हणाले, माझ्याकडे येणारे निम्मे साक्षीदार काल्पनिकच सांगायचे, त्यानं काही अडत नाही.

पहिला नंबर माझा. त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून मला बसवलं. काकांनी पेन्सिलीला टोक केलं.

“शेवटचं कधी पाहिलंत?”

मी म्हणालो, परवाच, तिसरा खंड चाळताना.

“किती अंतरावरून? उजेड कसा होता?”

कंदिलाचा, मी म्हणालो. त्यांनी मान डोलावून ते लिहून घेतलं. मग उंची, बांधा, कपाळ, भुवया. इथवर माझी गाडी झकास चालली. आणि मग त्यांनी नाक विचारलं, आणि गाडी अडली. इतकी वर्षं ज्याच्यासोबत काढली, ज्याच्यासाठी लोकांच्या घरचा चहा सोडला, त्याचं नाक कसं आहे हे मला माहीत नव्हतं. डोळे मिटून पाहिलं तर तो स्पष्ट समोर उभा. नाकाकडे बघायला गेलो की कंदील मध्ये यायचा. काकांनी नाकांचा एक जुना आल्बम काढला, पन्नासेक नुसती नाकं. मी अर्धा तास ती उलटीसुलटी करून पाहिली. शेवटी घाम पुसून घरी पळालो आणि पुस्तकात शोधायला बसलो. चारही खंड पालथे घातले. लेखिकेनं त्या माणसाबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या आहेत: हात मोठे होते, आणि चेहरा नुकतंच झोपेतून उठल्यासारखा. बाकी सगळं मी माझ्या पदरचं घातलं होतं. कुठून आणून घातलं, हे कुतूहल मला त्या दिवशी जे चिकटलं ते आजही सुटलेलं नाही.

दोन-तीन बैठकांत माझा पहारेकरी झाला. नाक मी शेवटी डोळे मिटून आल्बमवर बोट ठेवून निवडलं, आणि काय सांगू, तेच निघालं. रुंद कपाळ, जड पापण्या, खांदे थोडे पुढे आलेले. काकांच्या ओट्यासमोर उभा राहून मी त्याला बघत राहिलो. काकांनी सवयीनं खाली लिहिलं होतं: वय अंदाजे पंचावन्न, बांधा मजबूत, हात मोठे, चेहरा झोपाळू, हातात दिवा असण्याची शक्यता.

मग बायको जाऊन आली. एकाच बैठकीत काम उरकलं. काका म्हणाले, जन्मात असा साक्षीदार पाहिला नाही, सदऱ्याची बटणंसुद्धा सांगितली. मी ते चित्र पाहिलं आणि तिथेच स्टुलावर बसलो. तिचा पहारेकरी तिशीतला होता. दाट केस, एका भुवईत छोटीशी फट, आणि ओठांच्या कोपऱ्यात असं काहीतरी, की ज्याबद्दल मला बोलायचं नाही. घरी येऊन मी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, हा कोण. ती म्हणाली, पहारेकरी. मी म्हणालो, तो झालाच, पण हा कोण. ती म्हणाली, अहो, तुम्हीच तर वाचून दाखवलात. त्या रविवारी माळ्यावरून काहीतरी काढायचंय असं सांगून मी लग्नाचा आल्बम, तिच्या कॉलेजचे फोटो, तिच्या ऑफिसच्या सहलीचे फोटो, सगळं तपासलं. भुवईत फट असलेला एकही इसम आढळला नाही. याचा अर्थ तो नाही असा होतो, की फोटो दुसरीकडे ठेवलेत असा होतो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

लेकीचं मात्र काही पुढे सरकेना. ती काकांकडे जायची, तासभर बसायची, परत यायची आणि विचारलं की नुसतं, चाललंय, म्हणायची. काकाही तोंड उघडेनात. त्यांचा नियमच तसा. मला तर चैन पडेना. एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली, एकाच आवाजात ऐकलेलं पुस्तक, आणि बायकोच्या डोक्यात भलताच माणूस निघाला. लेकीच्या डोक्यात कोण असेल?

वेळ थोडा होता, म्हणून मी ठरवलं की लेकीचं जमेपर्यंत माझंच चित्र मोठं करून ठेवावं. वाचणारा मी होतो, तेव्हा अधिकृत पहारेकरी माझाच, असंही मनात होतं. कामावर जाण्याआधी दुकानातून दोन मोठ्या प्रती काढल्या. परत येताना हातात भाजीची पिशवी, छत्री आणि ती गुंडाळी, म्हणून एक प्रत वॉचमनच्या टेबलावर क्षणभर टेकवली आणि तिथेच विसरलो. वॉचमनला वाटलं, नोटीस आहे. त्यानं ती फलकावर लावली. सेक्रेटरींना नोटीस दिसली की शिक्का मारल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी खाली टाईप करून जोडलं, सदर इसम आवारात आढळल्यास तत्काळ कार्यालयास कळवावे, आणि शिक्का मारला.

आणि सदर इसम त्याच दुपारी आढळला. लिफ्टची वार्षिक तपासणी करायला सरकारी तपासनीस आले होते. रुंद कपाळ, जड पापण्या, मोठे हात, आणि लिफ्टच्या खड्ड्यात डोकवायला हातात बॅटरी. वॉचमननं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा फलकाकडे पाहिलं, आणि मीटर दाखवतो म्हणून त्यांना मीटरच्या खोलीत नेऊन बाहेरून कडी लावली. सेक्रेटरींनी पोलिसांना फोन केला. मी ऑफिसातून घरी आलो तेव्हा अख्खी इमारत खाली जमलेली, आणि खोलीच्या जाळीतून माझा पहारेकरी माझ्याकडे बघत होता. खोटं कशाला सांगू, घाबरण्याआधी मला आनंद झाला. नाक तंतोतंत होतं.

पुढचा प्रकार पोलीस चौकीत. तपासनिसांना सोडलं होतंच, पण सेक्रेटरींच्या फोनवरून चित्रातल्या माणसाची नोंद झाली होती आणि ती मिटवणं भाग होतं. साहेबांनी विचारलं, चित्रातला माणूस काय करतो. मी म्हणालो, पुलावर पहारा देतो. कोणत्या पुलावर? धुक्याच्या. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी घरून चारही खंड आणायची तयारी दाखवली. ते म्हणाले, माणूस सापडला तर नोंद मिटते, मेला असेल तर मिटते, पण मुळात नाहीच असं लिहायला रकाना नाही. बराच खल झाला. शेवटी त्यांनी लिहिलं, सदर इसम पुस्तकात राहतो, आणि पत्ता म्हणून खंड आणि पानाचा क्रमांक घालून माझी सही घेतली. निघताना त्यांनी हळूच विचारलं की पहिला खंड मिळतो कुठे.

तपासनिसांनी मात्र लिफ्टला सील ठोकलं. रागानं नव्हे, तार खरोखरच झिजली होती, असं त्यांनी मला सांगितलं. मी माफी मागायला गेलो तेव्हा ते फलकासमोर उभे राहून स्वतःचं चित्र बघत होते. “यानं केलं काय एवढं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काही नाही, हा फक्त पुलावर उभा असतो. कशाला उभा असतो? मग मी सांगायला लागलो. धुकं, पूल, मुलगी, पलीकडचं राज्य. ते ऐकता ऐकता पायरीवर बसले. मी मुलीला पहिल्यांदा पुलावर आणून सोडलं आणि थांबलो, तर ते म्हणाले, पुढे? मी चार मजले चढून गेलो आणि पहिला खंड त्यांच्या हातात ठेवला.

तिथून आमच्या इमारतीचे हाल सुरू झाले. तार बदलून झाली, तपासनीस आले, पहिला खंड परत दिला, दुसरा घेतला आणि लिफ्टची घंटा नीट वाजत नाही असं निघालं. घंटा झाली तर दाराचं रबर. दर वेळी खंड बदलायचा आणि दर वेळी एक नवी त्रुटी. त्रुटी खऱ्याच होत्या, पण त्यांचं वाचन हळू होतं आणि तपासणी त्याच्या चालीनं चालली होती. लोक जिने चढून दमले. मला बघितलं की पायऱ्यांवर बोलणं थांबायचं. अखेर सभा बोलावली आणि ठराव आला, की मी तपासनिसांना गोष्टीचा शेवट सांगून टाकावा आणि प्रकरण मिटवावं. सगळ्यात मोठ्यानं पाठिंबा तळमजल्यावरच्या वहिनींचा, ज्यांनी लिफ्टमध्ये आजवर पाऊल टाकलेलं नाही. मी उभा राहिलो आणि स्पष्ट सांगितलं, की जिने चढून माणूस मरत नाही, पण शेवट आधी कळला की गोष्ट मरते. मी पायऱ्या चढेन, शेवट सांगणार नाही. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. बायको जिन्यात म्हणाली की बोलणं चांगलं झालं, पण उद्या गॅसचा सिलिंडर तुम्हीच वर आणा.

या सगळ्या रामरगाड्यात मालिकेची संध्याकाळ येऊन ठेपली. लेकीची ट्रंक भरून दाराशी उभी. माझ्या चित्राला मी फ्रेम करून आणली होती. ती तिच्या हातात दिली. तिनं नीट पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि म्हणाली, “छान आहे बाबा. पण हा तुझा आहे. इथेच राहू दे.” मी म्हणालो, बरं. दुसरं काय म्हणणार? एवढी पोलीस चौकी झाली, लिफ्ट गेली, आणि ज्या भिंतीसाठी हे केलं ती रिकामीच राहणार होती. मी गॅलरीत जाऊन नुसताच उभा राहिलो.

घरात माणसं जमायला लागली. काका आले, सेक्रेटरी झालं गेलं विसरायला म्हणून आले आणि तपासनीस चार मजले चढून, तिसरा खंड काखेत मारून आले. कुणी तिसऱ्या खंडापुढचं एक अक्षर बोललं तर लिफ्टला जन्माचं सील ठोकीन, असं त्यांनी बसण्याआधीच जाहीर केलं. काकांनी मला बाजूला घेतलं आणि लेकीचा कागद हातात ठेवला. म्हणाले, साक्षीदाराची परवानगी आहे, बघा आता.

कागदावर एक फिकट लंबवर्तुळ होतं. आत काही नाही. भुवया नाहीत, डोळे नाहीत, नाक नाही. खाली काकांच्या त्या खात्यातल्या अक्षरात लिहिलं होतं: साक्षीदाराने इसमास पाहिलेले नाही. फक्त आवाज ऐकला आहे.

मला काही कळेना. मी लेकीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. म्हणाली, “मी पांघरुणात असायचे ना रे. डोळे मिटलेले. मला कधी कुणाचा चेहरा दिसलाच नाही. सगळे आवाजच होते.” काका सांगायला लागले, की त्यांनी परोपरीनं विचारून पाहिलं. कपाळ विचारलं तर ती सांगायची, तो बोलण्याआधी घसा खाकरतो. डोळे विचारले तर सांगायची, वाक्य संपताना तो आवाज खाली नेतो आणि मग पान उलटल्यासारखा आवाज होतो. काका म्हणाले, पानाचं ऐकलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नसतो.

मी काहीतरी बोलणार होतो, पण तेवढ्यात मालिका सुरू झाली आणि सगळे टीव्हीकडे वळले.

धुकं चांगलं होतं. हे मी माझ्या तोंडानं सांगतो, म्हणजे चांगलंच असणार. कंप्यूटरनं केलं असेल तर त्या कंप्यूटरनं पुस्तक वाचलं होतं. मुलगी छान होती, थोडी जास्त नीटनेटकी, पण चालेल. बायकोनं घडी घालता घालता हात थांबवला. आणि मग पूल आला. धुक्यात कंदिलाचा उजेड आणि ती पाठ. सोफ्यावर कुणी श्वास घेत नव्हतं. मी डोक्यातल्या माझ्या माणसाला गच्च धरून बसलो होतो. तो हळूहळू वळला.

वाईट नव्हता. खरंच वाईट नव्हता. माझा नव्हता, बायकोचा तर नव्हताच, याची मी आधी तिच्याकडे बघून खात्री करून घेतली. चेहरा थकलेला, दाढी पांढरी. तपासनीस स्वतःच्या गालावरून हात फिरवत, जरा नाराजीनं, दाढी आहे म्हणाले. मी डोळे मिटून पाहिलं. माझा पहारेकरी जागच्या जागी होता, नाकासकट. इतके दिवस मी उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.

मग पडद्यावरच्यानं तोंड उघडलं. ‘धुकेनदी’ वाचलेल्या प्रत्येकाला ही जागा माहीत आहे. पूल ओलांडायला आलेल्याला पहारेकरी एकच गोष्ट विचारतो. त्या नटाचा आवाज भारदस्त होता, घोटलेला, सभागृह भरून टाकणारा. त्याचे पहिले दोन शब्द झाले आणि आवाज एकदम बंद झाला. मला वाटलं, टीव्ही बिघडला. पाहिलं तर रिमोट लेकीच्या हातात होता.

“हा तो नाही,” ती म्हणाली. “बाबा, तू बोल.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पडद्यावर तो माणूस ओठ हलवत होता. पुस्तक आत कपाटात होतं, पण त्या वाक्याला मला पुस्तक लागत नाही. मी घसा खाकरला.

“कुठे चाललीस ते मी विचारत नाही. परत येणार आहेस का, तेवढं सांग. तोवर मी कंदील मालवत नाही.”

पडद्यावरच्या मुलीचे ओठ हलले. तिचं वाक्य पुस्तकात एका शब्दाचं आहे.

“येईन,” माझी लेक म्हणाली.

त्यानंतर पहारेकऱ्याला आणखी चार वाक्यं आहेत. मला ती तोंडपाठ आहेत, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण त्या संध्याकाळी त्यातलं एकही माझ्या तोंडून बाहेर पडेना. पडद्यावरचा तो दाढीवाला बराच वेळ नुसताच बोलत राहिला, आणि आवाज मोठा करा असं कुणीही म्हटलं नाही.